कपाशीतला गिटारवाला: तुमची पत्रं, नानांची उत्तरं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर जरा जागा उरली म्हणून मी अर्ध्या कॉलममध्ये कार्ल पर्किन्स नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याबद्दल लिहिलं होतं, की बाबा हा कापूस वेचणाऱ्याचा पोरगा, तुटलेल्या तारेला गाठ मारून गिटार वाजवणारा, रेकॉर्डवर आवाज घुमल्यासारखा, 1956 मध्ये निळ्या बुटांच्या एका गाण्यानं, "ब्लू स्वेड शूज"नं, एकदम वर गेला आणि तिकडे झेंडा रोवतो ना रोवतो तोच गाडीचा अपघात झाला. बस, एवढंच. वाटलं कोणी वाचणार पण नाही. तर महिनाभरात एवढी पत्रं आली की टेबलावर पीक विम्याच्या तक्रारींचा जो गठ्ठा कायम असतो त्याच्या शेजारी दुसरा गठ्ठा तयार झाला. त्यातली निवडक घेतोय. गावं टाकतो, नावं टाकत नाही, कारण दोघा-तिघांनी स्वतःच लिहिलंय की नाना नाव नका छापू, घरचे म्हणतील कामधंदा सोडून हे काय चालू शे.

अमळनेरहून कॉलेजचा एक विद्यार्थी: नाना, रॉकबिली म्हणजे नक्की काय? मला कंट्री, ब्लूज, रॉक अँड रोल सगळं एकसारखंच वाटतं.

वाटणारच, कारण ते एकमेकांच्या ताटातलंच खाऊन वाढलंय. नाव दोन तुकड्यांचं आहे, रॉक आणि हिलबिली. हिलबिली म्हणजे डोंगराकडचा, खेडवळ गोरा माणूस, शहरवाल्यांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव. आपण पुण्यात गेलो आणि तोंडातून "काय करी राहिना" निघालं की समोरचा कसा गालात हसतो, तसल्या हसण्यातून आलेलं.

तर अमेरिकेच्या दक्षिणेत टेनेसी, मिसिसिपी, आर्कान्सा हा सगळा कापसाचा पट्टा. तिथे गोऱ्यांच्या घरात रेडिओवर कंट्री गाणी चालायची आणि शेतात काळ्या मजुरांचे ब्लूज आणि देवाची गाणी. कायद्यानं शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, पण कानाला कुंपण कोण घालणार? 1954-55 च्या सुमारास तिथल्या गरीब गोऱ्या पोरांनी घरचं कंट्री घेतलं, त्यात ब्लूजचा ठेका आणि नखरा घातला, स्पीड वाढवला आणि जे निघालं ते रॉकबिली. वाद्यं मोजकी, एक-दोन गिटार आणि उभा बास, म्हणजे माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं दिसणारं जाड तारांचं वाद्य, ड्रम असला तर असला. बास नुसता वाजवायचा नाही तर तार ओढून सोडायची म्हणजे ती लाकडावर फाटकन आपटते, त्या आवाजावर निम्म्या ड्रमचं काम भागतं. एल्विस प्रेस्लीची 1954 ची पहिली रेकॉर्ड ऐक, ड्रम नाहीच, तरी पाय हलतोच.

हे सगळं शिजलं मेम्फिसमध्ये, 706 युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर एका छोट्या स्टुडिओत. मालक सॅम फिलिप्स, त्यानं 1950 ला स्टुडिओ उघडला आणि 1952 ला सन नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. एल्विस, जॉनी कॅश, जेरी ली लुईस, आपला कार्ल, सगळे त्याच दारातून आत गेले. या प्रकाराचा खरा बहर दोन-तीन वर्षांचाच, 1958-59 पर्यंत पाणी ओसरलं होतं. मग ते रॉक अँड रोलमध्ये विरघळून गेलं, म्हणून तुला वेगळं ओळखू येत नाही.

पाचोऱ्याहून एक शेतकरी: आम्ही चार पिढ्या कपाशी लावतो, आमच्यात कोणाले पेटी पण वाजवता येत नाही. त्याले गिटार कशी आली? आणि अमेरिकेत सगळं मशीननं होतं म्हणता, मग हाऊ वेचत काय होता?

जिभाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मशीनचं आधी सांगतो. कापूस वेचायचं मशीन तिकडे शेतोशेती पोचलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधी माणसंच वेचायची, खांद्याला लांबच्या लांब पोतं अडकवायचं आणि ते कपाशीच्या तासातून मागे ओढत जायचं, पाठीचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. कार्लचा जन्म 9 एप्रिल 1932 चा, टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यात टिप्टनविल म्हणून गाव आहे मिसिसिपी नदीच्या काठाला, त्याच्या जवळचा. बाप बटाईनं शेती करायचा. म्हणजे जमीन मालकाची, बी-बियाणं मालकाकडून उधार, घरचा किराणा पण उधार, आणि कापूस गेल्यावर हिशोब. हिशोबानंतर हातात काय उरायचं हे आपल्याकडच्या बटाईदाराला विचारा, तो अमेरिकेत न जाता सांगेल. आपला सालदार निदान अक्षय्य तृतीयेला नवीन बोली करतो, यांना तीही सोय नव्हती कारण आधीची उधारी फिटल्याशिवाय हलणार कुठे. पोरगं सहा-सात वर्षाचं होतं तेव्हापासून वेचायला.

आता गिटार. बापानं सिगारच्या रिकाम्या खोक्याला झाडूचा दांडा ठोकून पहिली गिटार करून दिली. मग शेजाऱ्याकडून एक जुनी, पोचे पडलेली खरी गिटार दोन-तीन डॉलरला मिळाली. शिकवलं कोणी? शेतात बरोबर वेचणारा जॉन वेस्टब्रुक नावाचा म्हातारा काळा मजूर होता, पोरगं त्याला अंकल जॉन म्हणायचं. दिवसभर वेचायचं आणि संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, तो ब्लूज वाजवायचा, हा बघायचा. शनिवारी रात्री रेडिओवर नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री, म्हणजे कंट्रीचा मोठा कार्यक्रम. एका कानात हे, दुसऱ्या कानात ते. वरच्या अमळनेरच्या पोराला जे मी पानभर समजावून सांगितलं ना, ते या पोराच्या डोक्यात बारा वर्षाच्या आत आपोआप झालं होतं.

आणि मला त्याच्या सगळ्या कहाणीत सगळ्यात आवडतं ते हे, की तार तुटली की नवीन घ्यायला पैसे नसायचे, मग तो तुटलेल्या तारेला गाठ मारून तीच परत चढवायचा. आता सूर वर चढवायचा म्हणजे बोट तारेवरून सरकवायचं, पण सरकवलं की मधे गाठ लागते, बोट कापतं. मग त्यानं काय केलं, बोट जागेवर ठेवलं आणि तारच आडवी ढकलली. तार ताणली की सूर वर जातोच. झालं, त्याची पुढची अख्खी स्टाईल त्या गाठीतून निघाली.

1947 ला ही मंडळी जॅक्सन गावाच्या बाजूला राहायला आली. कार्ल, मोठा भाऊ जे आणि धाकटा क्लेटन, तिघं मिळून रात्री रस्त्यावरच्या बिअरच्या गुत्त्यांत वाजवायचे, आणि पहिल्या गुत्त्याचं नाव काय, तर कॉटन बोल. म्हणजे कापसाचं बोंड! दिवसभर शेतात बोंड आणि रात्री पण बोंडातच. दिवसाचं काम पुढे पावाच्या बेकरीत. लग्न 1953 ला, बायको व्हाल्डा, आणि तिनंच पाठी लागून त्याला सांगितलं की गाणंच कर.

धुळ्याहून, गिटार क्लास लावलेली एक मुलगी: काका, मागच्या अंकात तुम्ही गाठ मारलेल्या तारेचा उल्लेख केलात. मी पण मारून बघू का? आणि तो "घुमल्यासारखा" आवाज कसा काढायचा?

नको बेटा, गाठ मारू नकोस, तारेचा सेट घे, आता परवडतो. गाठ मारलेली तार सुरात राहत नाही आणि बोटाला लागलं तर आठ दिवस क्लास बंद.

तार ढकलण्याचं म्हणशील तर त्या काळात तारा जाड असायच्या आणि तिसऱ्या तारेला पण वरून वेटोळं असायचं, ती ढकलायची म्हणजे मनगटाचं काम. तुझ्या गिटारला नऊ किंवा दहा नंबरचा पातळ सेट असेल तर तुला सोपं जाईल, उलट जास्त ढकलली जाईल आणि सूर पुढे निघून जाईल, तेवढं कानानं सांभाळ. ए कॉर्डमध्ये वाजव. निळ्या बुटांचं गाणं ए मध्येच आहे, ए, डी आणि ई, तीनच कॉर्ड. अंगठ्यानं खालच्या सुराच्या जाड तारांवर ठेका चालू ठेवायचा आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर मधेमधे टोमणे मारायचे. हे "मधेमधे" फार महत्त्वाचं. तो गायची ओळ संपली की गिटारनं उत्तर देतो, गाताना मधे मधे लुडबूड करत नाही. तुमच्या क्लासमध्ये सरांनी स्पीड वाढवायला सांगितला असेल तर चार दिवस ऐकू नकोस. एल्विसचं ते गाणं फास्ट आहे, कार्लचं जरा रेंगाळत चालतं आणि मला तेच जास्त आवडतं.

घुमणाऱ्या आवाजाला स्लॅपबॅक म्हणतात. सॅम फिलिप्सकडे दोन टेप मशीनं होती. एकावर गाणं रेकॉर्ड व्हायचं, तोच आवाज दुसऱ्या मशीनवर पण जायचा, आणि तिथे रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात बोटभर अंतर असतं ना, टेपला तेवढं अंतर जायला सेकंदाचा छोटासा तुकडा लागतो, मग तो उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात परत मिसळायचा. म्हणून एकच ठळक प्रतिध्वनी येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा लांब नाही, तर रिकाम्या गोडाऊनमध्ये टाळी वाजवल्यासारखा. तुझ्या पेडलमध्ये डिले असेल तर साधारण 100 ते 130 मिलिसेकंदावर ठेव आणि रिपीट एकच. दोन केलंस की मजा गेली.

आणि हो, हिंमत यावी म्हणून एक सांगतो. कार्लचा ड्रमर डब्ल्यू. एस. हॉलंड, सगळे त्याला फ्लूक म्हणायचे, त्यानं सनमध्ये पहिल्यांदा वाजवायला जायच्या आधी ड्रम वाजवलेच नव्हते. उसने आणून, आठवडाभरात शिकून गेला. पुढे हाच माणूस जॉनी कॅशकडे कितीतरी वर्षं वाजवत होता.

शिरपूरहून एक शिक्षिका: गाणं प्रेमाचं असतं, देवाचं असतं, गरिबीचं असतं. बुटांवर कोणी गाणं लिहितं का?

ताई, तुम्ही कधी लग्नात बँडपुढे नाचणाऱ्या पोरांच्या पायाकडे बघितलंय? नवीन बूट घातलेला एक तरी असतोच, तो नाचतो कमी आणि सांभाळतो जास्त. तेच आहे हे.

दोन गोष्टी जुळून आल्या. जॉनी कॅश आधी एअरफोर्समध्ये होता, तिथला त्याचा एक सोबती ऐटीत तयार होऊन निघायचा आणि पायात सरकारी बूट असले तरी ते निळ्या स्वेडचे आहेत म्हणायचा, बुटांवर पाय देऊ नका रे. स्वेड म्हणजे ते मखमलीसारखी लव असलेलं चामडं, एकदा डाग पडला की गेला जन्माचा. कॅशनं हे कार्लला सांगितलं, गाणं कर म्हणाला. कार्लला काही सुचलं नाही. मग 1955 च्या डिसेंबरात जॅक्सनकडे एका डान्सला तो वाजवत होता, स्टेजपुढे एक जोडपं नाचत होतं, पोरगी दिसायला छान, आणि पोरगा तिच्याकडे बघायचं सोडून तिला दटावतोय की माझ्या बुटांवर पाय देऊ नको. कार्लला ते खटकलं, एवढी सुंदर पोरगी आणि याला बुटांची पडलीय! त्याच रात्री घरी गेला, झोप येईना, उठला, कागद सापडेना, तर बटाट्याच्या रिकाम्या ब्राऊन पिशवीवर गाणं लिहिलं. 19 डिसेंबरला रेकॉर्ड, 1956 च्या 1 जानेवारीला बाजारात. सन लेबलची दहा लाख खपलेली ही पहिली रेकॉर्ड.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे, ताई. ज्याच्या घरी बुटांचे पाच जोड आहेत तो असं गाणं लिहूच शकत नाही. माझं बाकी काहीही कर, घर जाळ, बदनामी कर, पण हे बूट सोड, असं म्हणणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे मिरवायला तेवढी एकच वस्तू आहे. गरिबीचं गाणं नाही म्हणता? मला तर तेच वाटतं, फक्त रडत नाही एवढंच.

भुसावळहून, रेल्वेतून रिटायर झालेले एक वाचक: अपघात झाला नसता तर तो एल्विसच्या पुढे गेला असता, हे तुम्ही मागच्या अंकात लिहायला पाहिजे होतं. एल्विसनं त्याचं गाणं पळवलं हे पण तुम्ही लपवलं.

साहेब, लपवलं नाही, मला ते पटत नाही. पण तुम्ही गाडीच्या टायमाला किंमत देणारे माणूस, तर आपण तारखाच बघू.

1956 ची 22 मार्च, पहाट. आदल्या दिवशी व्हर्जिनियात नॉरफोकला कार्यक्रम करून कार्लची मंडळी रात्रीतून मोटारीनं न्यूयॉर्कला निघाली होती. 24 तारखेला पेरी कोमोच्या टीव्ही शोमध्ये, म्हणजे देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात, गायचं होतं. डेलावेअर राज्यात डोव्हर गावाजवळ त्यांची गाडी एका पिकअपला मागून धडकली आणि नाल्यात गेली. कार्ल बेशुद्ध, तोंड पाण्यात, फ्लूक हॉलंडनं त्याला उलटं केलं म्हणून वाचला. मानेचे तीन मणके मोडले, गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला मार. भाऊ जे ची पण मान मोडली. आणि त्या पिकअपवाला शेतकरी होता, तो गेला. कार्लचं काय काय नुकसान झालं हे सगळे सांगतात, त्या माणसाचं कोणी मोजत नाही, तेवढं आपण इथे मोजून घेऊ.

आता गाण्याच्या तारखा. अपघात झाला तेव्हा गाणं बाजारात येऊन पावणेतीन महिने झाले होते आणि ते पॉप, कंट्री, रिदम अँड ब्लूज, तिन्ही याद्यांत वरच्या भागात होतं. पॉपमध्ये दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. अपघाताच्या आठवडाभर आधी तो एका टीव्ही शोमध्ये ते गायला पण होता, म्हणजे चेहरा कोणी बघितलाच नाही असंही नाही. एल्विसनं ते गाणं जानेवारीच्या शेवटी रेकॉर्ड केलं होतं, अपघाताच्या कितीतरी आधी, आणि त्याच्या पहिल्या अल्बममध्ये टाकलं. त्याचं व्हर्जन चार्टवर विसाव्या नंबराच्या वर गेलं नाही. ज्याचं दुसऱ्या नंबरावर त्याचं, विसाव्यावाल्यानं पळवलं म्हणता येईल का? शिवाय गाणं लिहिणारा कार्ल, त्यामुळे एल्विसच्या प्रत्येक रेकॉर्डमागे लेखकाचा हक्क कार्लचाच. अजून एक गंमत, 1955 च्या नोव्हेंबरात सॅम फिलिप्सनं एल्विसचं कॉन्ट्रॅक्ट आरसीए कंपनीला 35,000 डॉलरला विकलं होतं, नंतर लोक त्याला हसले, पण ते पैसे हातात आले म्हणून तर सनला कार्लची रेकॉर्ड जोरात काढता आली.

मग पुढे काय झालं? अपघातानंतर महिनाभरात तो परत स्टेजवर होता आणि 26 मे ला त्याच पेरी कोमोच्या शोमध्ये गायला. पुढची रेकॉर्ड कंट्रीच्या यादीत पहिल्या दहात गेली. त्यानंतरची गाणी माझ्या मते बुटांच्या गाण्याएवढीच दमदार, काही तर जास्त, पण खपली नाहीत. का नाही खपली? एक म्हणजे वय तेवीस-चोवीस, पण डोक्याचे केस मागे सरकायला लागलेले, घरी बायको-लेकरं, आणि समोर एल्विससारखा देखणा एकटा गडी, टीव्हीचा जमाना सुरू झालेला, पोरी किंचाळणार कोणासाठी? दुसरं म्हणजे तो गुत्त्यातल्या मोठ्या माणसांची गाणी लिहायचा, दारू, मारामारी, पोलीस, आणि रेकॉर्ड विकत घेणार होती शाळेतली पोरं. तिसरं, 1957 मध्ये सनला जेरी ली लुईसचं वारं लागलं आणि छोट्या कंपनीला एका वेळी एकच घोडा पळवता येतो. 1958 ला तो कोलंबिया कंपनीत गेला तोपर्यंत फॅशनच बदलली होती. त्याच वर्षी भाऊ जे ब्रेन ट्यूमरनं गेला. या एवढ्या सगळ्याचा हिशोब तुम्ही एका नाल्यात टाकताय, साहेब. नाला खोल होता, नाही म्हणत नाही, पण एवढा नाही.

नंदुरबारहून: मग त्याचं आणि एल्विसचं भांडण होतं का नव्हतं, एका शब्दात सांगा.

नव्हतं. (आता शब्द वाढवतो.) अपघातानंतर एल्विसच्या बँडची मंडळी त्याला हॉस्पिटलात बघायला गेली होती. आणि 4 डिसेंबर 1956 ला कार्ल सनमध्ये रेकॉर्डिंग करत होता तेव्हा एल्विस सहज चक्कर टाकायला आला, पियानोवर जेरी ली होताच, जॉनी कॅश पण आला, आणि सगळे मिळून देवाची जुनी गाणी म्हणत बसले. टेप चालू ठेवली होती म्हणून आज ते ऐकायला मिळतं. पियानोभोवती चौघांचा फोटो आहे, कोणाच्याही तोंडावर भांडण दिसत नाही.

जळगावहून एक दादा: बीटल्सनी याची गाणी चोरली असं ऐकलं. खरं का?

चोरली नाहीत, गायली, आणि पैसे रीतसर लेखकाला. 1964 ला कार्ल चक बेरी या अमेरिकन रॉक अँड रोलवाल्याबरोबर इंग्लंडला गेला, जायला तयार नव्हता, म्हणायचा मला तिकडे कोण ओळखतं. तिकडे बघतो तर चार केसाळ पोरं, हाच तो बीटल्स बँड, त्याची गाणी तोंडपाठ म्हणतायत. त्यातला जॉर्ज हॅरिसन तर एवढा वेडा की सुरुवातीला एका दौऱ्यावर त्यानं स्वतःचं नाव कार्ल हॅरिसन लावलं होतं. 1 जूनला त्यांनी "मॅचबॉक्स" रेकॉर्ड केलं तेव्हा कार्ल स्टुडिओत समोर हजर होता. त्या एका वर्षात बीटल्सनी त्याची तीन गाणी रेकॉर्ड केली, दोन रिंगो गायला आणि एक जॉर्ज.

चोरीचं विचारलंच आहे तर दादा, जरा मागे पण चला. "मॅचबॉक्स"मधल्या काही ओळी ब्लाइंड लेमन जेफरसन नावाच्या आंधळ्या काळ्या गायकानं 1927 मध्येच गायल्या होत्या. जॉर्ज गायला ते तिसरं गाणं, "एव्हरीबडीज ट्राइंग टू बी माय बेबी", त्या नावाचं गाणं रेक्स ग्रिफिननं 1936 मध्ये केलं होतं. म्हणजे कार्ल पण कोणाच्या तरी ओट्यावरून उचलूनच उठला होता, आणि पैसे त्या जुन्या लोकांपर्यंत पोचले का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बीटल्सच्या पोरांना चोर म्हणायला सोपं जातं, कारण ते श्रीमंत झाले.

चोपड्याहून एक मुख्याध्यापक: तुमचं मासिक आमच्या वाचनालयात येतं, मुलं वाचतात. दारुड्या कलाकारांचं कौतुक थांबवा.

सर, दारूचं कौतुक मी केलं नाही आणि करणार पण नाही. पण झाकूनही ठेवणार नाही, कारण त्याच्या आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं तिनं खाल्ली. गुत्त्यात वाजवणाऱ्याला पैशाऐवजी बिअर मिळते, तिथून सुरुवात, मग भाऊ गेला, धंदा बसला, ती वाढतच गेली. 1960 च्या दशकाच्या मध्यावर जॉनी कॅशनं त्याला आपल्या कार्यक्रमात घेतलं, आणि कॅश स्वतः तेव्हा नशेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेला, म्हणजे एका बुडणाऱ्यानं दुसऱ्याचा हात धरला. तरी दोघं निघाले बाहेर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्लनं शेवटची बाटली समुद्रात फेकली. दहा वर्षं तो कॅशच्या मागे गिटार घेऊन उभा होता, ज्याच्या नावावर दहा लाख खपलेली रेकॉर्ड तो माणूस दुसऱ्याच्या कार्यक्रमात साथीला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. 1968 मध्ये कॅशसाठी "डॅडी सँग बास" लिहिलं, घरातली सगळी मिळून गातायत असं गाणं, ते कंट्रीच्या यादीत सहा आठवडे पहिल्या नंबरावर. नंतर स्वतःच्या दोन पोरांना, स्टॅन आणि ग्रेगला घेऊन परत बँड काढला.

मुलांना सांगायला एखादी गोष्ट हवीच असेल तर ही सांगा सर, 1981 मध्ये त्यानं जॅक्सनमध्ये मारहाण आणि अत्याचार झालेल्या लेकरांसाठी केंद्र सुरू करायला मदत केली, ते त्याच्या नावानं अजून चालू आहे. गाणी नंतर ऐकवा. पण ऐकवा.

यावलहून एक ताई: नाना, मी इंग्रजी गाणी कधी ऐकली नाहीत. याचं एकच ऐकायचं तर कोणतं? आणि तो शेवटी राहायचा कुठे?

राहायचा जॅक्सनलाच, जिथे बेकरीत काम केलं तिथेच. घशाचा कॅन्सर झाला, त्यातून उठला, आणि 19 जानेवारी 1998 ला पक्षाघाताच्या झटक्यांनी तिथेच गेला, वय 65. अंत्यविधीला जॉर्ज हॅरिसन आला होता, त्यानं गिटार घेऊन कार्लचं "युअर ट्रू लव्ह" म्हटलं.

ऐकायचं म्हणाल तर सगळे बुटांचं सांगतील, मी "मॅचबॉक्स" सांगतो. 4 डिसेंबर 1956 चंच आहे, चौघांच्या त्या फोटोच्या दिवशीचं, पियानोवर जेरी ली. शब्द नाही कळले तरी चालेल, अर्थ एवढाच की एक फाटका माणूस बसून विचार करतोय, माझे सगळे कपडे या काडेपेटीत मावतील का. मधे गिटार दोनदा एकटी सुटते, तेव्हा घरातलं मिक्सर बंद करा. त्या दिवशी कार्लचा बाप पण स्टुडिओत आला होता, कापूस वेचून वेचून हात झिजलेला माणूस. तोच म्हणाला की ते काडेपेटीचं जुनं गाणं घे रे. त्याला स्वतःला त्यातल्या दोन-चारच ओळी येत होत्या, बाकीचं पोरानं तिथल्या तिथे उभ्या उभ्या रचलं.